साखरझोपेच्या वेळी हेडसेट : नव्या एटीसी अधिकाऱ्यांसाठी रात्रपाळीची तयारी

गोंदिया, हैदराबाद किंवा प्रयागराजला प्रशिक्षण संपवून पहिल्या स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर, हवाई वाहतूक नियंत्रक (एटीसी) म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना दोन विमानांमधली अंतरं, फ्रेझिऑलॉजी म्हणजे रेडिओवरची ठरीव वाक्यं, आणीबाणीच्या कार्यपद्धती तोंडपाठ असतात. पहाटे चार वाजता कानावर हेडसेट असताना मेंदू जागा कसा ठेवायचा, हे मात्र बहुतेकांना नोकरीत आल्यावर, चुकत चुकत शिकावं लागतं. मीही तशीच शिकले.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. पहाटेचे पावणेपाच झाले असतील. मी एका विमानाला ३३० पर्यंत, म्हणजे ३३ हजार फुटांपर्यंत, चढायची परवानगी दिली. वैमानिकानं रीडबॅकमध्ये, म्हणजे माझी सूचना परत म्हणून दाखवताना, ३५० म्हटलं आणि मी ते ऐकून पुढच्या विमानाकडे वळले. ३४० वर समोरून दुसरं विमान येत होतं. शेजारी बसलेल्या प्लॅनरनं, म्हणजे जोडीच्या नियंत्रकानं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फक्त स्ट्रिपकडे, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीकडे, बोट दाखवलं. वेळ हातात होती, दुरुस्ती झाली, कुणाला काही झालं नाही. पण त्या क्षणी मला झोप आली आहे असं मुळीच वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर 'मी ठीक आहे' असंच सांगितलं असतं, आणि ते मनापासून सांगितलं असतं.

खाली जे काही लिहिते आहे ते सगळं या एका अनुभवाभोवती फिरतं. थकलेल्या मेंदूला आपण किती थकलो आहोत हे कळत नाही. म्हणून रात्री तीनला काय करायचं हे रात्री तीनला ठरवायचं नसतं, ते आदल्या दुपारीच ठरवून ठेवायचं असतं.

१. आधी शरीराचं घड्याळ समजून घ्या

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे उधारी. उठल्यापासून जितके तास जागे राहाल तितकी ती चढत जाते आणि फक्त झोपूनच फिटते. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते जवळजवळ प्रत्येक पेशीत चालतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन संशोधकांना मिळालं. तुम्ही कितीही झोपून आलात तरी हे घड्याळ पहाटे तुम्हाला खाली ओढणारच. शरीराचं तापमान त्या सुमारास सर्वांत कमी असतं. विमानवाहतुकीत रात्री २ ते ६ हा पट्टा सर्वांत धोक्याचा मानतात. आपल्या आजीला हे कुठल्याही संशोधनाशिवाय माहीत होतं. पहाटेच्या झोपेला 'साखरझोप' हे नाव उगीच पडलेलं नाही.

ही उधारी किती महाग पडते? सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. आता हिशोब करा. सकाळी ७ ला उठलात, दुपारी झोपला नाहीत आणि नाईटला आलात, तर मध्यरात्री १२ लाच तुमचे १७ तास भरले. पहाटे चारला २१ तास झालेले असतील. म्हणजे पहिलीच नाईट सर्वांत अवघड असते, आणि बहुतेक नवीन मुलं नेमकी त्याच नाईटला दिवसभर बँकेची कामं उरकून येतात.

आणखी एक गोष्ट. हे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकू शकतं. चार-पाच दिवसांच्या चक्रात एक किंवा दोन नाईट येत असतील, तर शरीर रात्रपाळीला 'सरावेल' ही आशा सोडून द्या. ते सरावत नाही आणि सरावायला लावूही नका. कायम रात्रपाळी करणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले वेगळे असतात, ते आपल्याला लागू पडत नाहीत. आपण घड्याळ दिवसाचंच ठेवायचं, आणि रात्र म्हणजे मधेच आलेला एक प्रसंग समजून तो निभावायचा.

२. रोस्टर हातात आलं की आधी झोप लिहा

रोस्टर आलं की बहुतेक जण सुट्टी कधी ते बघतात. तुम्ही दोन ड्युट्यांमधलं अंतर बघा. प्रत्येक ड्युटीच्या आधी झोपेचा पट्टा पेन्सिलीनं आखा आणि त्याला ड्युटीइतकाच मान द्या. दुपार, सकाळ, रात्र अशा उलट्या क्रमानं चक्र फिरत असेल, तर प्रत्येक पाळी आधीच्या पाळीपेक्षा लवकर सुरू होते आणि झोपेला कात्री लागते. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. म्हणून सकाळ, दुपार, रात्र हा क्रम शरीराला कमी जड जातो. क्रम तुमच्या हातात नसेल, पण कुठल्या जोडीत खड्डा आहे हे तरी आधी माहीत असू द्या.

हा खड्डा किती खोल असतो त्याचं एक उदाहरण. २७ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टन विमानतळावर कॉमएअरच्या विमानानं पहाटेच्या अंधारात चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उड्डाण केलं आणि ४९ माणसं गेली. चूक वैमानिकांची होती, चौकशीतही तसंच ठरलं. पण टॉवरमध्ये त्या वेळी एकटाच नियंत्रक होता. आदल्या दिवशी दुपारी अडीचला सकाळची ड्युटी संपवून तो रात्री साडेअकराला परत आला होता आणि मधल्या नऊ तासांत त्याला झोप मिळाली होती सुमारे दोन तास. उड्डाणाची परवानगी देऊन तो दुसऱ्या कामाकडे वळला. विमान कुठल्या धावपट्टीवर उभं आहे हे बघणारी शेवटची नजर तिथून निघून गेली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकानं दोन ड्युट्यांमध्ये १० तास आणि मध्यरात्रीच्या ड्युटीआधी १२ तास विश्रांतीचा नियम जाहीर केला.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) वॉच ड्युटीच्या, म्हणजे पाळीच्या, तासांच्या आणि विश्रांतीच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. सगळे त्याला डब्ल्यूडीटीएल म्हणतात. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या ॲनेक्स ११ मध्येही नोव्हेंबर २०२० पासून नियंत्रकांच्या थकव्याच्या व्यवस्थापनाची तरतूद लागू आहे. सीनियरनं तोंडी सांगितलेल्यावर राहू नका. मूळ कागद मिळवून स्वतः वाचा आणि आपल्या स्टेशनची अंतर्गत सूचना त्याच्या शेजारी ठेवून ताडून बघा.

ड्युटी अदलाबदल करताना हेच लक्षात ठेवा. गणपतीत चार दिवस गावाला जायचं म्हणून पुढेमागे नाईट एकत्र करून घेणारे मी खूप पाहिले. मोह समजतो मला, माझंही माहेर कोकणात आहे. पण गावाहून रात्रीच्या गाडीनं परतून थेट नाईटला उभं राहण्यापेक्षा गौरी-विसर्जनाच्या आधी निघणं बरं.

३. नाईटच्या दिवशी दुपारी झोपा, वाटलं नाही तरी

दुपारी जेवणानंतर येणारी सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळात तिथे खरोखर एक उतार असतो. आपल्याकडे वामकुक्षीची पद्धत आहे, तिचा इथे पुरेपूर उपयोग करा. १ ते ४ च्या दरम्यान दीड तास झोपा. दीड तास एवढ्यासाठी की झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि ते पूर्ण करून उठलं की डोकं जड होत नाही.

'संध्याकाळी झोपेन' असं म्हणू नका. संध्याकाळी ६ ते ९ या वेळात शरीर सर्वांत जास्त जागं असतं. त्या वेळी अंथरुणात पडून छताकडे बघत राहाल आणि चिडून ड्युटीला जाल. झोप लागलीच नाही तरी दुपारी खोली अंधारी करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आडवं व्हा. पहिले दोन महिने मला दुपारी डोळ्याला डोळा लागत नसे. तिसऱ्या महिन्यात लागायला लागला.

त्या दिवशी सकाळी उगाच लवकर उठू नका. व्यायाम सकाळी करा, पण दमून जाईल इतका नको.

४. डबा आणि चहा

मुख्य जेवण रात्री ९-१० च्या आत. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, पचनही मंदावतं. पहाटे तीनला कॅन्टीनचा वडापाव किंवा भजी खाल्ली की पुढचा तास पेंग येते आणि दुसऱ्या दिवशी पित्त होतं. दोन-अडीचच्या ब्रेकसाठी डब्यात थोडंसंच न्या : मूठभर चणे-शेंगदाणे, एखादं केळं, मऊ मुगाची खिचडी, थालीपिठाचा अर्धा तुकडा. पाणी हाताशी असू द्या.

चहा-कॉफीचं गणित मात्र नीट शिकून घ्या. कॅफीन उधारी फेडत नाही, उधारीची आठवण करून देणारा निरोप काही काळ अडवून ठेवतं. त्याचा निम्मा भाग शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. सकाळी ९ ला घरी झोपायचं असेल तर शेवटचा कप ३ च्या आत. साडेपाचला 'आता शेवटची दोन तासं रेटायची' म्हणून घेतलेली कॉफी तुमची सकाळची झोप खाते. कप लहान घ्या आणि अंतर ठेवून घ्या. पहिला कप ड्युटीच्या सुरुवातीला नको, तेव्हा गरज नसते. बाराच्या सुमारास एक, अडीचच्या आसपास एक, एवढं बहुतेकांना पुरतं. चहात कॉफीपेक्षा कॅफीन कमी असतं, त्यामुळे ज्यांना झोप पटकन बिघडते त्यांनी चहाच बरा.

सर्दीची गोळी घेऊन नाईटला येऊ नका. सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी काही जणांना दिवसाही गुंगी येते.

५. चॅनेलवर, म्हणजे रेडिओच्या जागेवर, बसल्यावर

मुंबईसारख्या स्टेशनवर रात्र रिकामी नसते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांची गर्दी मध्यरात्रीनंतरच असते आणि ती ओसरते तोवर पहाटेची देशांतर्गत उड्डाणं रांगेत उभी राहतात. लहान स्टेशनवर उलट चित्र असतं. दीड-दोन तास एकही विमान नाही, आणि मग अचानक एक. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड आहे. गर्दी माणसाला जागं ठेवते, रिकामा पडदा झोपवतो.

अतिथकव्यात मेंदू काही सेकंद स्वतःच बंद होतो. डोळे उघडे असू शकतात, पण आत काही नोंदलं जात नाही. समोरासमोर येणारी, प्रत्येकी ताशी ४८० नॉटिकल मैल वेगाची दोन विमानं मिनिटाला १६ मैलांनी जवळ येतात. चार सेकंदांची डुलकी म्हणजे एक मैलाहून जास्त अंतर संपलं. आणि त्या चार सेकंदांत आलेला रीडबॅक तुम्ही ऐकलेलाच नसतो. मेंदू त्या जागी अपेक्षित उत्तर भरून टाकतो. माझ्या ३३० चं ३५० तसंच निसटलं होतं.

म्हणून दोन वाजल्यापासून काही गोष्टी सवयीवर सोडू नका. मी स्वतः हे करते :

रीडबॅक ऐकताना नजर पडद्यावर नाही, स्ट्रिपवर ठेवते, आणि आकडा ऐकू येईल तसा पेन त्या आकड्यावर टेकवते. आकडा जुळला तरच पेन उचलते. दिवसा हे बालिश वाटतं. पहाटे साडेचारला यानं मला किमान दोनदा वाचवलं आहे.

काहीही डोक्यात ठेवत नाही. 'दहा मिनिटांनी याला खाली सोडायचं' असं मनात ठरवलं की ते लिहिते. थकव्यात सर्वांत आधी जाते ती ही पुढची आठवण.

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या नियंत्रकाकडून ताबा, घेताना यादीवर बोट ठेवून घेते, आणि देणाऱ्याला घाई असली तरी शेजारी बसून काही मिनिटं ट्रॅफिक ऐकल्याशिवाय हेडसेट लावत नाही. देणारा दमलेला असतो, त्याच्याकडून एखादी गोष्ट सुटणारच असं धरून मी प्रश्न विचारते.

एक बारीक गोष्ट नवीन मुलांना सांगितलेली नसते. आपली सगळी नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, चालते, आणि यूटीसीची तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला, म्हणजे डोकं सर्वांत मंद असताना. लॉगबुकात आणि नोटॅमच्या (वैमानिकांसाठीच्या सूचनांच्या) वेळा वाचताना चुका तिथे होतात. पाच वाजताच एका कागदावर नवी तारीख मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा.

बाकी साधं आहे. जिथे चालत असेल तिथे दिवे थोडे वाढवा, खोली गार ठेवा, चॅनेलवर उभं राहता येत असेल तर मधूनमधून उभं राहा, शेजाऱ्याशी कामाचं बोलत राहा. पण यातलं काहीही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही. तोंडावर पाणी मारणं तर त्याहून कमी.

६. ब्रेकमधली झोप, आणि तिच्यानंतरचा अर्धा तास

थकव्यावर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे झोप. ती थोडी असली तरी चालते. नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची संधी दिलेले वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी तर सतर्कता ५४ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. तुमच्या स्टेशनवर ब्रेकमध्ये विश्रांतिकक्षाची सोय असेल, नियम परवानगी देत असतील, तर त्या वेळेत फोन बघत बसू नका. झोपा. जागं राहून निष्ठा सिद्ध होत नाही.

किती वेळ? ब्रेक लहान असेल तर गजर २० मिनिटांचा. मोठा असेल तर सरळ ९० मिनिटं. मधलं ४५-६० मिनिटांचं माप वाईट, कारण तेव्हा गाढ झोपेच्या तळातून उठावं लागतं. कॉफी घ्यायची असेल तर झोपण्याआधी प्या, ती चढायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात तुम्ही उठता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उठल्यावर थेट चॅनेलवर बसू नका. झोपेतून उठल्यानंतर मेंदू पूर्ण सुरू व्हायला वेळ लागतो, साधारण १५ ते ३० मिनिटं, आणि पहाटे उठवलं तर जास्तही. या अवस्थेत माणूस बोलतो, चालतो, उत्तरं देतो, पण त्याचा निर्णय कच्चा असतो. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण दगावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयासमोर जी ध्वनिफीत आली, तिच्यात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. फितीत पहिले सुमारे १ तास ४० मिनिटं ते काही बोललेच नव्हते. उतरण्याच्या थोडं आधी ते जागे झाले, विमान उंच आणि वेगात असताना सहवैमानिकानं पुन्हा वर जायला सांगूनही त्यांनी उतरणं सुरूच ठेवलं. अहवालात झोपेतून उठल्यानंतरच्या या सुस्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. मी तो अहवाल वाचला त्या दिवसापासून गजर ब्रेक संपण्याच्या अर्धा तास आधीचा लावते. उठून प्रकाशात जाते, तोंड धुते, जिना दोनदा चढउतार करते आणि मग रिलीव्हर, म्हणजे बदली नियंत्रक, म्हणून उभी राहते.

७. 'मला उतरवा' हे वाक्य आधीच पाठ करून ठेवा

नवीन असताना हे सर्वांत जड जातं. रेटिंग, म्हणजे स्वतंत्रपणे काम करायची परवानगी, नुकतं मिळालेलं असतं, आजूबाजूला वीस-वीस वर्षं काढलेले लोक असतात, आणि 'आमच्या वेळी आम्ही बारा तास सलग बसायचो' असं कुणीतरी हमखास म्हणतं. एका स्टेशनवर मी नवीन असताना पहाटे मला त्रास होतोय असं सांगितलं तर मला ऐकवलं गेलं की झेपत नसेल तर दुसरी नोकरी बघा. ते वाक्य मी अजून विसरले नाही. त्यानंतर वर्षभर मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि ते वर्ष माझ्या नोकरीतलं सर्वांत धोक्याचं होतं, असं आज वाटतं. म्हणूनच तुम्हाला सांगते, गप्प बसू नका.

शब्द आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी शब्द सुचत नाहीत. मी शिकाऊ मुलांना असं म्हणायला लावते : 'सर, माझं लक्ष टिकत नाहीये, मला वीस मिनिटं चॅनेलवरून उतरवा.' एवढंच. कारण नको, माफी नको. डब्ल्यूएसओ, म्हणजे पाळीचा प्रमुख, कितीही कडक असला तरी हे वाक्य ऐकल्यावर तुम्हाला बसवून ठेवायची जबाबदारी तो सहसा अंगावर घेत नाही.

आणि शेजाऱ्याशी करार करा. ड्युटीच्या सुरुवातीलाच सांगा : 'माझं बोलणं मंदावलं, एकाच विमानाला दोनदा कॉलसाइन विचारला, तर मला सांग. मीही तुला सांगेन.' स्वतःचा थकवा स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याचा लगेच दिसतो. मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळावर टॉवरमधला एकटाच सुपरवायझर झोपी गेला आणि दोन प्रवासी विमानं टॉवरशी संपर्क न होता उतरली. त्याची ती सलग चौथी रात्र होती. त्याच्या शेजारी सांगणारं कुणी नव्हतं, आणि नंतर तिथे रात्री दुसरा माणूस बसवावा लागला.

थकव्यामुळे काही निसटलं असेल, तर आपल्याकडच्या स्वेच्छा अहवालाच्या मार्गानं ते लिहून द्या, आणि त्यात आधीच्या ४८ तासांत किती झोपलात तेही लिहा. रोस्टर बदलायचं असेल तर असे कागदच उपयोगी पडतात.

८. घरी जाताना

खिडकी उघडणं, गाणी लावणं यानं झोप थांबत नाही. नाईटनंतर स्कूटरवरून जाताना सिग्नलला माझा डोळा लागला होता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला म्हणून जाग आली. त्यानंतर मी नाईटला स्वतःचं वाहन नेणं बंद केलं. बस, मेट्रो, स्टेशनची गाडी, काहीही घ्या. स्वतः चालवणं टळतच नसेल तर निघण्यापूर्वी वीस मिनिटं झोपा आणि पुरतं जागं होऊन मगच किल्ली लावा. घरचे वाट बघत असतील तर त्यांना कळवा. उशिरा पोचलेलं चालतं.

बाहेर पडताना काळा चष्मा लावा. सकाळचं ऊन घड्याळाला 'दिवस झाला' असा निरोप देतं आणि झोप उडते.

९. दिवसा झोपायचं घर

इथे घरच्यांशिवाय काही होत नाही. आपल्याकडे सकाळी नऊ-दहाला घर ऐन भरात असतं : कुकरच्या शिट्ट्या, बेल, भंगारवाला, मुलाची शाळा, शेजारच्या काकू. आणि घरात असलेली बाई झोपलेली असली तरी ती 'घरात आहे' असंच सगळे धरतात. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, रात्री ऑफिसात बसून तर होते, एवढं काय झोपायचं. त्यांना मी एकदा टॉवरच्या कामाबद्दल शांतपणे सगळं सांगितलं. मी एक आकडा चुकीचा ऐकला तर काय होऊ शकतं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बेल बंद करून दारावर चिठ्ठी लावली होती. आजही त्या माझ्या झोपेची राखण करतात. तुमच्या घरी हे बोलणं पहिल्या महिन्यातच करा, आणि एकदा सांगून भागत नाही हेही धरून चाला. जे एकटे राहतात त्यांनी घरमालकाला आणि खोलीतल्या जोडीदाराला रोस्टरची प्रत द्यावी.

खोलीला जाड, गडद पडदा हवा. तो नसेल तर डोळ्यांवर पट्टी. पंखा चालू ठेवा, त्याच्या एकसारख्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. फोन विमान मोडवर, आणि घरच्यांसाठी एकच तातडीचा नंबर. झोपण्यापूर्वी पोहे-उपमा थोडासाच खा. पोट अगदी रिकामं असेल तर मधेच जाग येते.

दिवसाची झोप रात्रीपेक्षा तुटक आणि लहान असते, चार-पाच तासांवर बहुतेकांना जाग येते. त्याचं टेन्शन घेऊ नका. दुसरी नाईट लगेच असेल तर दुपारी पुन्हा दीड तास झोपा. दारू पिऊन झोपणं हा उपाय नाही. डोळा लागतो लवकर, पण झोप उथळ होते आणि लवकर तुटते.

१०. परत दिवसात या

शेवटच्या नाईटनंतर संध्याकाळपर्यंत झोपायचा मोह होतो. दुपारी एकच्या आत उठा. तासभर उन्हात, मोकळ्यावर फिरा. दिवसभर सुस्त वाटेल, ते ठीक आहे, रात्री दहाला अंथरुणात जा. ती रात्र पूर्ण मिळाली की निम्मं काम झालं. या दिवशी लग्न, मुंज, बारसं ठरवू नका, आणि ठरलंच तर जेवून लवकर परता. कोजागरीला जागणं वेगळं. ते वर्षातून एकदा असतं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी विमानं सांभाळत नाही.

सकाळच्या पाळीला लोक हलकं समजतात. पण पहाटे साडेतीन-चारला उठून सहाला पोचायचं असेल, तर तुमचीही साखरझोपच कापली जाते. आदल्या रात्री नऊला पडलात तरी झोप लागत नाही, कारण ते तास शरीराला जागं ठेवणारेच असतात. त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर वीस मिनिटांची डुलकी घ्या, लांब झोप नको, नाहीतर रात्रीची बिघडते.

११. डॉक्टरकडे कधी जायचं

पहिले दोन-तीन महिने प्रत्येकाला त्रास होतो. पण सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटत असतील, विनाकारण चिडचिड आणि रडू येत असेल, पोट सतत बिघडत असेल किंवा बाईची पाळी अनियमित झाली असेल, तर थांबू नका. मोठ्यानं घोरत असाल आणि सकाळी डोकं दुखत असेल तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी करून घ्या. तो आजार उपचारांनी आटोक्यात येतो आणि वेळेत कळला तर नियंत्रकांच्या क्लास ३ च्या वैद्यकीय तपासणीत अडचण कमी होते. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. तुमची तपासणी करणाऱ्या विमानवैद्यकीय डॉक्टरला आधी विचारा.

डॉक्टरकडे जाताना तीन आठवड्यांची वही घेऊन जा. रोज फक्त चार नोंदी : कधी झोपलो, कधी उठलो, कुठली ड्युटी होती, शेवटचा चहा किती वाजता. पहिल्या पगारातून ती वही आणा आणि पहिल्या नाईटपासून लिहायला लागा.